आरशातलं ऐकणं

माझ्या वडिलांचं सलून आहे आणि गिऱ्हाइकांनी त्यांना 'बरोबर' असं नाव ठेवलं आहे. जरा बरोबरकडे जाऊन येतो, असं सांगून लोक घरातून निघतात. खुर्चीत बसून कोणी काहीही बोललं, की बाबा कात्री न थांबवता म्हणतात, "बरोबर आहे." घरमालक येऊन भाडेकरूची उणीदुणी काढतो, बरोबर आहे. त्याच्या पाठोपाठ भाडेकरू येऊन घरमालकाचा उद्धार करतो, बरोबर आहे. दोघंही डोकं हलकं होऊन उठतात. त्याच रस्त्यावर आणखी सलून आहेत, तिथल्या खुर्च्या मऊ आहेत, पंखे नवे आहेत. पण ऐकून घेणारा माणूस म्हणून बाबांची ख्याती आहे. बायका नवऱ्यांना सांगतात, त्या बरोबरकडून काहीतरी शिका.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला असते. शिवून आलेला शर्ट उजेडात धरायचा, सुटलेला टाका, तिरकी कॉलर, चुकलेलं काज शोधायचं आणि शर्ट बाजूला टाकायचा, हे माझं काम. दिवसभर शर्टांच्या खोटी काढूनही माझं समाधान होत नाही, मग मी घरी येऊन माणसांच्या काढते, असं माझा नवरा म्हणतो. त्याच्या या म्हणण्यात मला अजून खोट सापडलेली नाही.

तर बाबांची खोट सांगते. दुकानात एवढा गोड असणारा हा माणूस घरी आला की मुका व्हायचा. चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, बाहेरच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची पकडायची आणि वर्तमानपत्र उघडायचं. आई स्वयंपाकघरातून बोलायची. आमचा ओटा भिंतीतल्या खिडकीखाली आहे, त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या माणसाची नेहमी पाठच दिसते. नळ गळतोय, वरच्या मजल्यावर नवे लोक आलेत, गुडघा आज फार दुखतोय, असं सगळं आई त्या खिडकीला सांगितल्यासारखं सांगायची आणि बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं, "हं." मी शाळेत होते तेव्हा ती हात पुसत दारापर्यंत यायची आणि हं म्हणजे काय, असं विचारायची. मी कॉलेजात गेले तोवर तिने दारापर्यंत यायचं सोडलं. माझं लग्न झाल्यावर तिचं सांगणंही हळूहळू आटत गेलं. भांडण नाही, तंटा नाही, कोणी ताट ढकललं नाही. घरात कोणीतरी आजारी असल्यासारखी शांतता असायची, आणि आजारी तर कोणीच नव्हतं.

मला वाटायचं, बाबांची बोलण्याची हौस दुकानातच फिटते. आईला वाटायचं, आपला कंटाळा आला. बाबांना काय वाटायचं ते कोणी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी गेले तर आई पलंगावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालता तिने सांगितलं, की ती मावशीकडे राहायला जाणार आहे. मावशीचे यजमान गेल्यापासून ती एकटीच असते, एक खोली रिकामी पडली आहे, दोघी बहिणी एकमेकींना सोबत होतील. किती दिवस जातेस, असं मी विचारलं. आता तिकडेच, असं ती म्हणाली. विजेचं बिल भरून आले, हे सांगावं तशा आवाजात. बाबांना सांगितलंस का, असं मी विचारलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

"दोनतीनदा कानावर घातलं. हं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. कुठे जातेस, एवढं जरी विचारलं असतं ना, तरी मला पुरलं असतं."

मग तिने मला बजावलं, की मी मध्ये पडून वकिली करायची नाही आणि त्यांना परत काही सांगायचं नाही. तिचं सांगून झालं होतं. आता त्यांना विचारायचं असेल तर ते विचारतील. तिने माझ्याकडून तसा शब्दच घेतला. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी उरलेल्या अभ्र्यांच्या घड्या घालू लागले, त्यातल्या एकाची शिवण उसवली होती ती तिला दाखवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटता सुटता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द दिला होता, पण भांडायला दुसरे विषय कमी नव्हते. मी तशीच दुकानावर गेले.

दुकान वेगळंच दिसत होतं. खुर्चीसमोरचा मोठा आरसा भिंतीवर नव्हता. भिंतीला ओल येऊन आरशाचा पारा काळा पडला होता, काचवाल्याने तो उतरवून नेला होता आणि नवा अजून बसायचा होता. आरशाच्या जागी फिकट रंगाचा एक चौकोन राहिला होता. गिऱ्हाईक त्या चौकोनाकडे तोंड करून बसलं होतं आणि बाबा मागून केस कापत होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती. मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले.

खुर्चीत किल्लीवाला होता. कोपऱ्यावर बसून कुलपांच्या किल्ल्या करून देणारा, मुळातच कमी बोलणारा माणूस. तो भिंतीकडे बघत म्हणाला, की थोरला भाऊ गेला. झोपेतच गेला, कोणाला कळलंसुद्धा नाही.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

अगदी नेहमीच्या हसऱ्या आवाजात. किल्लीवाल्याने मान वर केली. आपल्यालाच नीट सांगता आलं नाही असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने पुन्हा सांगितलं, भाऊ वारला म्हणून. बाबांनी त्याची मान हलकेच खाली दाबली, कंगवा फिरवला आणि बरोबर आहे, बरोबर आहे, असं म्हणत कानामागचे केस कापू लागले.  किल्लीवाल्याने स्वतःच्या हाताने मानेमागची गाठ सोडली, अंगावरचं कापड खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच, अशा डोक्याने तो मागच्यांकडे न बघता बाहेर पडला. बाबा कात्री हातात धरून दाराकडे बघत राहिले. त्याला हाक मारली, तो वळला नाही. मग त्यांनी खांदे उडवले, झाडू घेतला आणि खुर्चीखालचे केस गोळा करायला लागले.

मी उठून त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही.

"बाबा, आई घर सोडून चालली आहे."

बाबा झाडत राहिले. मी आईला दिलेला शब्द मोडला होता आणि तरी तो मोडला नव्हता. केस सुपलीत भरून ते वळले, मला बघून चांगलेच दचकले, आणि कधी आलीस, चहा मागवू का, असं विचारू लागले. मी हो म्हणाले.

चहा पिताना मी त्या फिकट चौकोनाकडे बघत बसले आणि मला सगळं दिसायला लागलं. बाबा माणसाच्या मागे उभे असतात, पण माणसाचं तोंड त्यांच्या समोर असतं. ओठ, भुवया, कपाळावरची आठी, सगळं त्या आरशात, उजेडाखाली, हातभर अंतरावर. ते लोकांचं बोलणं बघत होते. किती वर्षं, कोणास ठाऊक. कान हळूहळू जात राहिले आणि आरसा हळूहळू भरपाई करत राहिला, त्यामुळे त्यांना स्वतःलाही कळलं नाही. आरशातही जे निसटायचं त्याला 'बरोबर आहे' होतं. घरी ओट्यासमोर आरसा नव्हता.

कान तपासून घेऊ या, असं मी म्हटल्यावर बाबांच्या नाकाला मिरची झोंबली. दिवसभर ज्याच्यासमोर गावभरचे लोक मन मोकळं करतात त्याचे कान तपासायचे? मी तोंडावर हात धरला आणि हाताआडून विचारलं, की आज किल्लीवाला काय सांगत होता. बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. मग सवयीने म्हणाले, "बरोबर आहे." आणि त्यांचा चेहरा उतरला. भांडण तिथेच संपलं, मला ते जिंकल्याचं काहीच वाटलं नाही.

कान तपासणारी बाई तरुण होती. ती मोठ्याने बोलत नव्हती, सावकाश बोलत होती आणि बोलताना समोर बघायची. बाबांना तिने जाड दाराच्या एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. खोलीला काच होती. बाबा काचेतून तिच्या हाताकडे बघून बटण दाबायला लागले. तिच्या ते लगेच ध्यानात आलं. ती आत गेली आणि तिने बाबांची खुर्ची पाठमोरी फिरवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्या फिरवलेला माणूस, तो मुकाट्याने फिरला. त्यानंतर बराच वेळ त्यांचा अंगठा हललाच नाही. मला बाहेरच्या यंत्रातून आवाज ऐकू येत होते, बारीक शिट्टीसारखे, एकामागून एक. बाबा अंगठा बटणावर ठेवून शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते.

तिने कागदावर एक रेघ काढून दाखवली. रेघ सुरुवातीला बरी चालली होती, मग जिन्यावरून उतरावी तशी खाली गेली होती. जाड आवाज ऐकू येतात, ती म्हणाली, बारीक आवाज गेलेत. स, श, फ, थ असली अक्षरं बारीक आवाजाची. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. उरलेलं डोळे भरून काढतात. पाठमोरं कोणी बोललं, दुसऱ्या खोलीतून बोललं, नळ चालू असताना बोललं, तर डोळ्यांना काही करता येत नाही. बायकांचे आवाज तर आणखी बारीक, ते आधी निसटतात. बाबा मान हलवत होते. मी खाली बघत होते.

कानाला मशीन लावलं म्हणजे जुने कान परत येणार नाहीत, हेही तिने स्पष्ट सांगितलं. चष्मा डोळ्यांवर ठेवला की लगेच दिसतं, तसं हे नाही. ज्या आवाजांची डोक्याला सवयच राहिली नाही ते एकदम अंगावर येतील, आपला स्वतःचाच आवाज परका वाटेल, काढून फेकावंसं वाटेल. म्हणून सुरुवात घरी करायची. शांत खोली, एकच माणूस, त्याने बोलायचं आणि यांनी ऐकायचं. रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं आणि दुकान सगळ्यात शेवटी.

घरी येऊन मी आईला हे सगळं सांगितलं. ती ओट्याशी होती. दुकानात बरं ऐकू येतं, ती म्हणाली. मी आरशाचं सांगितलं, ओठांचं सांगितलं. तिने गॅस बारीक केला.

"म्हणजे लोकांच्या तोंडाकडे बघायला वेळ होता," ती म्हणाली.

तिची बॅग पलंगाखाली होती, अर्धी भरलेली. बाबांनीही ती पाहिली होती. जुने कपडे कोणालातरी द्यायला काढले असतील, असं त्यांना वाटलं होतं.

मशीन आलं. कानामागे बसणारी दोन लहानशी राखाडी बोंडं आणि केसाएवढी बारीक नळी. दरम्यान दुकानात नवा आरसाही बसला होता. आणि बाबांनी एक चूक केली, जी फक्त केस कापणाराच करू शकतो. त्यांच्याकडे घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गिऱ्हाईक येतात, त्यांच्या कानाला मशीन आहे. ते खुर्चीत बसले की बाबा पहिल्यांदा त्यांचं मशीन काढून स्टीलच्या वाटीत ठेवतात. पाण्याचा फवारा लागू नये, केस अडकू नयेत, म्हणून. इतकी वर्षं बाबांच्या लेखी कानाचं मशीन ही केस कापताना काढून ठेवायची वस्तू होती. त्यांनी आपलंही तसंच केलं. सकाळी दुकान उघडल्यावर मशीन लावलं, नव्या आरशासमोर गिऱ्हाईक बसलं, त्याचं बोलणं आधी जेवढं कळायचं तेवढंच कळलं. मग ड्रायर सुरू केला तर कानात गिरणी सुरू झाली. त्यांनी दोन्ही मशीनं काढली, वाटीत ठेवली आणि पहिलं कापड झटकलं. दुकान बंद करताना वाटीतून खिशात आणि घरी गेल्यावर खिशातून डबीत.

मी विचारलं तेव्हा त्यांनी निकाल देऊन टाकला, की काही फरक नाही, उगाच लोकांच्या नादाला लागलो. वाटी फणीशेजारीच होती. घरी का लावत नाही, असं मी चिडून विचारलं.

"घरी कोण बोलतंय?" बाबा म्हणाले.

तक्रार नव्हती. त्यांनी ते खुर्ची पुसत सांगितलं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. कारखान्यात कधीकधी असं होतं. दिवसाच्या शेवटी शर्ट हातात येतो, डोळ्यांना दिसतो, पण चांगला की वाईट ते कळतच नाही. मी दारात उभी राहून रस्त्यावरची वाहनं बघत राहिले.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी बाबांना दुकान उघडायला लावलं. शटर अर्धं वर, आत आम्ही दोघंच. मी खुर्चीत बसले आणि खुर्ची फिरवून आरशाकडे पाठ केली. आता बाबा माझ्या मागे भिंतीकडच्या बाजूला, माझं तोंड रस्त्याकडे. माझ्या केसांची टोकं कापा, मी म्हणाले, आणि मशीन वाटीत ठेवा. त्यांनी ठेवलं. मी बोलत राहिले. कारखान्यात नवीन काय झालं, नवऱ्याचा खोकला जात नाही, असंच काहीबाही. बाबा कापत होते. हं, बरोबर आहे, हं. मग मी त्यांना मशीन लावायला सांगितलं आणि पुन्हा समोर बघत तेच सगळं तसंच सांगितलं.

कात्री थांबली.

"ही वाजते?" बाबांनी विचारलं.

काय वाजते, असं मी विचारलं. कात्री, ते म्हणाले. कायम वाजते, मी सांगितलं, केस नसतानाही तुम्ही ती हवेत वाजवत असता, रस्त्यापर्यंत ऐकू येते. त्यांनी हवेत कात्री वाजवली. थांबून पुन्हा वाजवली. मग अगदी हळू, दोन पाती एकमेकांवर सरकवत नेली. मी पाठमोरीच बसून होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, जावयांना खोकला कधीपासून आहे. मी सांगितलं. डॉक्टरांना दाखवला का? मी सांगितलं. एवढं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता आम्ही कधी बोललो होतो ते मला आठवेना.

मग मी खुर्ची फिरवली. बाबा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते. कात्री मांडीवर होती.

"घरी ती बोलत होती का?"

मी हो म्हणाले.

"काहीतरी आवाज यायचा. भांड्यांचा की तिचा, ते कळायचं नाही. म्हणून हं म्हणायचो. पुढे पुढे तोही येईना. मला वाटलं, तिने बोलणं टाकलं. कशावरून तरी रागावली असेल, आपण विचारून आणखी कशाला वाढवा."

त्यांनी कात्री पुसली, जागेवर ठेवली आणि माझ्या मानेवरचे केस मऊ ब्रशने झटकले. काय बोलत होती ते त्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घरी मशीन लावून बसा, एवढंच मी म्हणाले.

ते बसायला लागले. दुकानातून आले की हातपाय धुवायचे, डबी उघडायची, मशीन लावायचं आणि खुर्चीत बसायचं. पण आई बोलतच नव्हती. आधी कोणी ऐकत नव्हतं आणि ती बोलायची, आता ऐकणारा कान उघडून बसला होता आणि ती तोंड मिटून भाजी निवडायची. बाबांना घर ऐकू यायला लागलं, फक्त घर. ते पोलिसासारखे खोल्यांमधून फिरायचे. हा आवाज कसला, असं दारात उभं राहून विचारायचे. आई बोटाने फ्रिज दाखवायची. आणि हा? ती नळ दाखवायची. पिशवीचा चुरचुरणारा कागद त्यांना सहन व्हायचा नाही, ताटावर चमचा पडला की ते डोळे मिटायचे. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी उतरवून हातात घेतलं, कानाशी नेलं आणि पुन्हा टांगलं. तुमच्या वडिलांनी घराची झडती चालवली आहे, असं आई मला म्हणाली. ती हसली नाही, पण तिने ते मला आपणहून सांगितलं.

कान तपासणाऱ्या बाईने घरच्या माणसाने रोज काहीतरी वाचून दाखवावं असं सांगितलं होतं. आईने ते धुडकावून लावलं, मी काय रेडिओ आहे का म्हणाली. मग बाबा स्वतःच स्वतःला वाचून दाखवायला लागले. स्वतःचा आवाज त्यांना मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटायचा, तरी ते रेटून वाचायचे. बातम्या, हवामान, हरवले-सापडले, जुना पलंग विकणे आहे. इतक्या वर्षांत त्या घरात बाबांचा एवढा आवाज झाला नव्हता. एकदा ते एक ओळ गाळून पुढे गेले तेव्हा आई ओट्याशीच थांबली आणि वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिली. हे मी पाहिलं. वाक्य पुरं झालं नाही, तिने परत कणीक मळायला घेतली.

मला आशा वाटायला लागली होती, हे कबूल करते. म्हणून मी आईला म्हटलं, की जाणं थोडं पुढे ढकल.

"ऐकायला ते आता आले," आई म्हणाली. "माझं सांगून झालं."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी तिच्याशी भांडले असते. पण तिच्याकडे राग उरला नव्हता. दुकानातून परत येताना पिशवी रिकामीच आणली, कारण हवं ते मिळालं नाही, असं सांगणाऱ्या माणसासारखी ती दिसत होती. मावशीने खोली झाडून ठेवली होती. सकाळची गाडी सांगून झाली होती. मी तिला सोडायला जाणार होते.

त्या सकाळी मी पोहोचले तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून पुटपुटत वाचत होते, तोंड खिडकीकडे. कानामागे राखाडी बोंडं होती. आई मावशीकडे जाते आहे, हे त्यांना तोवरही माहीत नव्हतं. मी बॅग उचलून दोन खोल्यांच्या मधल्या बोळात उभी राहिले. तिथून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या, तोंड कोणाचंच दिसत नव्हतं. अजूनही मी शब्दाला बांधलेली होते.

आईने ओटा पुसला. फडकं पिळून वाळत टाकलं. मग खिडकी लावायला हात वर केला आणि जुन्या सवयीने, खिडकीलाच सांगितल्यासारखी बोलली. बाबांना सांगायचं म्हणून ती ते बोलली नव्हती. आवाज बारीक होता, तिचा असतो तेवढाच.

"दूध तापवून ठेवलंय. नळ घट्ट बंद करायचा, नाहीतर ठिबकतो. जाते मी."

बाहेरच्या खोलीतलं वाचन थांबलं.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

आईचा हात खिडकीच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला. मला वाटलं, आता तिलाच ऐकू आलं नाही की काय.

"ताईकडे," ती म्हणाली. खिडकीलाच.

"किती दिवस?"

याचं उत्तर मला माहीत होतं. अभ्र्यांच्या घड्या घालताना तिने मला ते दिलं होतं. मी ते पुन्हा ऐकायला तयार होऊन उभी राहिले. आईने कडी लावली. वाळत टाकलेलं फडकं उचललं आणि परत तिथेच टाकलं. खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, आणि इतक्या वर, बंद खिडकीतूनही तो ऐकून, बाबा दचकले.

"ते अजून ठरवलं नाही," आई म्हणाली.

बाबा हं म्हणाले नाहीत. वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज झाला आणि मग खुर्ची सरकली. मी हातातली बॅग खाली ठेवली, आणि त्या दिवशी न आलेलं रडू मला आत्ता आलं.